मडगार्डातली सोपटाची गाठ

त्या मोटारीची केस अजून माझ्या मनातून जात नाय. वसईच्या ठान्यात मी शिपाई म्हनून लागले नि हवालदार म्हनून सुटले. चोऱ्या बघितल्या, मारामाऱ्या बघितल्या, विहिरीतून प्रेत काढताना काठावर उभी राहिले. ते सगळं विसरले. ही केस विसरले नाय, कारन हिच्यात खोटं बोलनारा एक होता नि गप बसनारी मी होते.

आधी माझं सांगते. माझा नवरा पोलीस शिपाई. बंदोबस्तावरून तापानं फनफनत आला नि आठव्या दिवशी संपला. दोन पोरी पदरात. मी सातवी शिकलेली, म्हनून त्याच्या जागी मला घेतली. त्याच्या आधी मी वाडीवर मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जायचे. संगं माझी शेजारीन. तिचाबी नवरा गेलेला. दोघींच्या कळ्या एका टोपलीत पडायच्या. मंग बसून सोपटानं गजरे बांधायचो. सोपट म्हंजे केळीच्या खोडाचं साल, ते फाडून, वाळवून, भिजवून त्याचा दोरा करतात. आमची दोघींची गाठ एकच, दोन वेढ्यांची, ओढली की सुटायची नाय.

मंग तिचा पोरगा आखातात कामाला गेला नि आमची टोपली वेगळी झाली. तिच्या घराला सिमेंटचा ओटा आला, टेपरेकॉर्डर आला, हातात बांगड्या आल्या. मी वर्दी चढवून ड्युटीला निघाले की ती ओट्यावरून हाक मारायची, "चा घेऊन जा गो." मी म्हनायचे, उशीर झाला. उशीर झालेला नसायचा. तिनं मला तिकडचा वासाचा साबन दिला होता. तो मी ट्रंकेत तळाला टाकला. तिच्या सुखाचा वास मला माझ्या अंगाला नको होता. वरून मात्र गोड बोलायचे. जळनाऱ्या मानसाला गोड बोलायला शिकवावं लागत नाय.

तो पोरगा सुट्टीवर आला नि बहिनीचं लग्न काढलं. नवरी जानार होती होळी गावाला. तिच्यासाठी आळीतल्या एका व्यापाऱ्याची पांढरी मोटार भाड्यानं ठरली. ड्रायव्हर नको, पोरगा सोता चालवनार होता. मोटार सजवायचं काम माझ्याकडं आलं, हात बसलेला म्हनून. माझी सुट्टी होती. लग्नाच्या दिवशी सकाळी फुलं घेऊन मी मोटारवाल्याच्या अंगनात गेले, तर पुढचं डावं मडगार्ड चेपलेलं नि दिव्याखाली पत्रा फाटलेला, बोट जाईल एवढा.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"पावसात धबधब्याला मानसं घेऊन गेलेलो चिंचोटीला, रस्त्याच्या मोरीला घासली. तेवढं झाकून टाक मावशी, शुभकार्याची गाडी हाय."

मी झाकलं. फाटलेल्या पत्र्यातून सोपट ओवलं, आतल्या बाजूनं गाठ मारली नि वर झेंडूचा जाड गुच्छ बसवला. कुनाला कळलं नसतं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठान्यात बसलेले, नि मोटारवाला तक्रार घेऊन आला. म्हनाला, आखातवाल्यानं दारू पिऊन गाडी चालवली, कुठंतरी खांबावर घातली, भरपाई मागितली तर शिव्या दिल्या. साहेबांनी स्टेशन डायरीत नोंद घेतली नि पोरग्याला बोलावनं धाडलं. चार दिवसांनी त्याचं विमान होतं. गुन्हा दाखल झाला असता तर पासपोर्ट जमा, विमान गेलं, नोकरीबी गेली.

हे मला सगळं कळत होतं. ती फट कधीची, हेबी म्हाईत होतं. मी गप बसले. खरं सांगते, आतून गार वाटलं. म्हटलं, आता बघू तुझा ओटा.

मोटारवाल्यानं जाता जाता माझ्याकडं एक डाव बघितलं. घाबरला नव्हता. जळनारं जळनाऱ्याला ओळखतं. त्याच्या पोरग्याला आखातात धाडतो म्हनून एजंटानं दोनदा फिरवून परत पाठवला होता. माझं म्हनाल तर त्यानं मला ओट्यासमोरून मान वळवून जाताना रोज बघितलं होतं.

दुपारी पोरग्याचा जबाब सुरू झाला. साहेब आवाज चढवत नसत. एकच प्रश्न तीन बाजूंनी विचारायचे.

"दारू घेतली होतीस?"

"नाही साहेब. बहिणीला पोचवायला चाललो होतो."

"गाडी ताब्यात घेताना बघून घेतली नाहीस?"

पोरगा म्हनाला, "साहेब, हसाल तुम्ही. तिकडे मी दोनदा भाड्याने गाडी घेतली. पहिल्या वेळी नुसती किल्ली घेतली नि निघालो. परत देताना त्यांनी दारावरचा ओरखडा दाखवला. मी म्हटलं विमा आहे ना? तर म्हणाले, आहे, पण अमुक इतका खर्च आधी गिऱ्हाइकाचा, त्याच्या वरचं विमा देतो. काच आणि टायर तर विम्यात नाहीतच. सगळं कागदावर बारीक अक्षरात होतं, मी वाचलंच नव्हतं. महिन्याचा अर्धा पगार कापला. दुसऱ्या वेळी मी उजेडात गाडीभोवती फिरलो. प्रत्येक ओरखडा कागदावर मांडला, त्यांची सही घेतली, विम्यात काय येतं काय नाही ते विचारलं, आणि मगच किल्ली घेतली. परत देतानाही उजेडातच दिली, त्यांच्या माणसासमोर."

"एवढं शहाणपण इकडे कुठे गेलं?"

"इकडे गाडी सजून दारात आली साहेब. आईने ओवाळली, चाकाखाली नारळ फोडला. ओवाळलेल्या गाडीची फुलं उचलून खाली काय आहे ते कोण बघतं? आणि गाडीवाल्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो. काकाकडे कागद मागू?"

साहेबांनी मोटारवाल्याला विचारलं होतं, गाडीचा विमा असेल ना, कंपनीकडं का नाय गेलात? तो म्हनालेला, "लफडं लांबतं साहेब, कागद रंगवत कोन बसनार?" साहेबांनी ते लिहून ठेवलं. पत्र्यावरचा गंज बघायला त्यांनी मला पाठवलं. मी येऊन सांगितलं, गंज चढलाय. ते म्हनाले, "इथल्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत चढतो, त्यावरून काही ठरत नाही." तेव्हाबी मी तोंड उघडलं नाय.

शेजारीन भाईर बाकड्यावर सकाळपासून बसलेली. मी पानी द्यायला गेले, तर माझा हात धरला. "तू आत हायस म्हनून मी घास तरी खाल्ला गो. नायतर माझा जीवच गेला असता." मी हात सोडवला नि म्हटलं, कामं हायेत.

संध्याकाळी घरी निघाले तर फाटकाशी मोटारवाला उभा. हळूच म्हनाला, "बरं केलंस मावशी. आपल्यासारख्यांनी गपच बसावं. लय वर गेलेत ते."

आपल्यासारख्यांनी. ते मला चाबकासारखं लागलं. नवरा गेला तेव्हा मी कुनापुढं हात पसरला नव्हता. पोरींना पेज पाजली, पन खोटं शिकवलं नाय. नि हा मानूस मला त्याच्या पंगतीला बसवत होता. बसवत कसला, मी आधीच जाऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली नि मी साहेबांसमोर उभी राहिले. "साहेब, ती फट जुनी हाय. ती मीच झाकली. फुलं वरून तोडली असतील, पन आतनं माझी गाठ असंल, बघा."

साहेबांनी दोन पंच घेतले, गॅरेजवाल्याला बोलावला. तो गोनपाट टाकून मोटारीखाली सरकला. मोटारवाला म्हनत होता, "बायका कायबी बोलतात साहेब." खालून गॅरेजवाला ओरडला, "हाय! दोरा हाय!" त्यानं सोपट ओढलं, गाठ सुटंना. कापून काढलं. वाळलेलं सोपट, दोन वेढे, मधी झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

मोटारवाला म्हनाला, "लग्नात बांधलं असंल कुनीतरी."

"लग्नातच बांधलंय," साहेब म्हनाले. "गाडी निघायच्या आधी. म्हणजे ओवायला भोक आधीपासून होतं. आता विम्याचं सांगा."

मंग त्यानं सगळं सांगितलं. मोटार घरगुती वापराची, भाड्यानं द्यायचा परवाना नाय. चिंचोटीला मानसं भाड्यानंच नेलेली, म्हनून विमा कंपनीनं हात वर केले. मंग ही भरपाई कुनाच्या तरी गळ्यात घालायची होती. "पन खरं सांगू साहेब?" तो रडत म्हनाला. "भरपाईचं सोडा. त्याचं विमान चुकायला पायजे होतं."

पंचनामा झाला. खोट्या तक्रारीची कारवाई त्याच्यावर झाली. पोरगा ठरल्या दिवशी गेला.

साहेबांनी मला आत बोलावलं. "हे काल का सांगितलं नाहीस?"

"जळत होते साहेब."

त्यांनी माझ्या नावावर लेखी ताकीद लावली. बरोबर लावली.

पोरींच्या लग्नात मोटारी ठरवल्या तेव्हा मी फुलं लावायच्या आधी उजेडात फिरून बघितलं, कागदावर लिहिलं, सही घेतली, विमा विचारला. लोक हसले. हसू द्या. काकाकडूनबी कागद घ्यावा, त्यानं काका तुटत नाय. तपासातबी मी एक धरून चालले. साक्षीदार आला की त्यानं काय बघितलं ते विचारायचंच, पन तो कुनाच्या ओट्याकडं बघून मान वळवतो तेबी बघायचं.

पोरगा गेला त्या दिवशी शेजारनीच्या घरी गेले. सगळं सांगितलं, दिवसभर गप बसल्याचंबी. ती चुलीवर चा ठेवत होती. मागं न वळता म्हनाली, "तू जळतेस ते मला म्हाईत होतं. तो साबन तू कधी लावला नाय. लावला असतास तर मला वास आला असता."

घरी येऊन ट्रंक उघडली, साबन काढला. वास निम्मा उडाला होता. तरी त्यानंच आंघोळ केली नि तिच्या ओट्यावर जाऊन बसले.