कुलूपबंद भजन

तेरच्या स्टँडजवळचा मोबाईलवाला फोनशी लेकरासारखा बोलतो. ‘का रं, का रुसलास?’ म्हणतच झाकण उघडतो.

आईनं विकत घेतलेलं भजन जुन्या फोनातून नव्यात गेलं, पण वाजेना. ‘कंपनीनं कुलूप लावलंय, काकू,’ तो म्हणाला. आईचं तोंड उतरलं. तसा त्यानं पंखा बंद केला, दोन्ही फोन टॉवेलवर समोरासमोर ठेवले. जुन्यात भजन लावलं, नव्यात रेकॉर्डिंग. आम्ही सगळे घामाघूम, गप्प. तेवढ्यात एक म्हातारं गिऱ्हाईक बोलायला लागलं. ‘दमा की मामा!’ हा खेकसला. ते खेकसणंही भजनात उतरलं.

परवा बहिणीनं तेच भजन स्वच्छ आणून दिलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, ‘ह्यात मामाला कुणी दमा म्हणतच न्हाय. नगं मला.’