दोन दारांचा तंबू

दादामामा गेल्याचं धाकट्या मामांच्या मुलानं फोनवर सांगितलं. तो हिंजवडीत कामाला आहे. "आत्या आहे का जवळ? दादाकाका सकाळी एक्सपायर झाले. एकदम पीसफुली, झोपेतच," म्हणाला. शांतपणे जाणं त्यांना जमणारच होतं. आयुष्यभर त्यांनी शांतताच राखली... तिची किंमत माझ्या आईनं मोजली, हे आज सव्वा महिन्यानंतर लिहून टाकते. चांगलं बोलणारे धायरीत पुष्कळ झाले.

दादामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. तरुणपणी फौजेत होते. कोरियातली लढाई थांबली तेव्हा तिथल्या कैद्यांवर पहारा ठेवायला दोन्ही बाजूंना चालेल असा देश हवा होता आणि ते काम आपल्याकडे आलं. देश नवा, हाती फारसं काही नाही, पण शब्दाला वजन होतं. याचा मला आजही अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. सुट्टीत आम्ही धायरीला गेलो की मामा तिथल्या तंबूची गोष्ट सांगायचे. तंबूला दोन दारं. एकातून बाहेर पडलं की मायदेश, दुसऱ्यातून पडलं की त्याला कायमचं पारखं व्हायचं. कैद्याला आपल्या जवानांनी आत आणायचं, त्याच्या देशाचा माणूस त्याला समजावणार, आणि मग दार त्याचं त्यानंच निवडायचं. जवानानं बोलायचं नाही, खूण करायची नाही, चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलू द्यायची नाही. एकदा एका कैद्यानं मामांचं मनगट घट्ट धरलं आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मामा समोर बघत उभे राहिले. "मग तो कुठल्या दारानं गेला?" मी दर वेळी विचारायची. "ते सांगायचं न्हाय," असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची.

मामांनी लग्न केलं नाही. पेन्शनीत आले तसे गावात बांधाचं भांडण झालं की लोक त्यांनाच बोलवू लागले. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी एकटे मामाच होते. तेराव्याला त्यांनीच आईला बाजूला घेऊन सांगितलं, "आबा म्हणलं, विहिरीकडचं चार गुंठं सुमनला द्या." माझे वडील मी लहान असतानाच गेलेले. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत राहून आई चार घरच्या पोळ्या लाटत होती. चार गुंठे म्हणजे तिच्यासाठी स्वतःचं छप्पर होतं.

दोन वर्षांत बिल्डर आले आणि त्यांच्या मागोमाग धाकटे मामा हक्कसोडपत्र घेऊन आले. बहिणीनं आपला वाटा भावांना लिहून द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाजच. सही करण्याआधी आईनं सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, आबा जाताना काय म्हणाले, ते एकदा सांग." मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी मधला माणूस हाय, सुमन. तू बी माझी, त्यो बी माझा. मी कुणाच्या बाजूनं बोलणार न्हाय." आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. आईनं सही केली. पुढे मामांनी आपलाही वाटा धाकट्यांना देऊन टाकला. लोभी असते तर निदान त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

तिकडे दोन्ही बाजूंना बंदुका होत्या, मधे उभं राहायला छाती लागत होती. इकडे एका बाजूला कागद आणि वकील घेऊन आलेला भाऊ, दुसऱ्या बाजूला विधवा बहीण. इथं गप्प बसणं म्हणजे धाकट्याच्या शेजारी जाऊन बसणं, हे त्यांना कळलंच नाही. की कळत होतं?... मी कधी विचारलं नाही. दर दिवाळीला जाऊन वाकून नमस्कार मात्र करत राहिले.

दशक्रियेला घाटावर मांडव होता, माइक होता. एका पुढाऱ्यानं 'जगाची शांतता राखणारा आपला सुपुत्र' असं भाषण ठोकलं. मग पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर दहा-बारा बसलेले, एकही खाली उतरेना. काहीतरी इच्छा राहिली म्हणत जो तो आश्वासनं देऊ लागला. धाकटे मामा म्हणाले, चौकाला तुझं नाव देऊ. कावळे ढिम्म. शेवटी ते आईपुढे हात जोडून उभे राहिले. "आक्का, मनात काय न्हाय, एवढं म्हण. दादा अडकलाय." सगळा घाट आईकडे बघत होता. ऐंशीला टेकलेल्या माझ्या आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती एक शब्द बोलली नाही. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं जेवायला उठली.

येताना रिक्षात मी म्हणाले, "आई, म्हणून टाकायचं होतंस."

"त्याला माझ्यासाठी एक वाक्य बोलवलं नाही. मी त्याच्यासाठी का बोलू?" ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "झाडाकडेच बघत होते गं मी. वाटत होतं, मी न बोलताच एखादा उतरेल खाली..."

आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच ती रडली.