मार्करचा अर्ज

आमच्या सोलापूरच्या क्लबात टेनिसचा एक तरुण मार्कर होता. पगार घेऊन सभासदांशी खेळणं हे त्याचं काम. खेळात तो सगळ्यांहून सरस, तरी रोज थोडक्यात हरायचा आणि हसून म्हणायचा, “लई झ्याक फटका हाणला, सायेब.”

पुण्याच्या सामन्यांचा इंग्रजी अर्ज त्यानं माझ्याकडून भरून घेतला. ‘खेळण्याचा पगार घेता का?’ या प्रश्नाशी मी अडखळलो. घेणाऱ्याला प्रवेश नव्हता.

“‘नाही’ लिहू?” मी चाचरत विचारलं.

“खोटं कशाला? व्हय लिवा.”

अर्ज नामंजूर झाला. त्या संध्याकाळीही तो क्लबातल्या एका वकीलसाहेबांकडून मुद्दाम, बेतानं हरला.

“मग हे खोटं नव्हे?” मी विचारलं.

“हितं नोकरी हाय, दादा. तितं खेळायचं हुतं.”