भट्टीतलं विरजण

कोपरीच्या आमच्या घरात मागच्या खोलीत एक वजन टांगलेलं असायचं, आणि ते आता पडतं की मग पडतं या धास्तीत आम्ही तिघांनी, म्हणजे आई, दादा आणि मी, काही वर्षं काढली. भिंतीला पक्की केलेली लोखंडी चौकट, तिच्यात विजेवर तापणारी उभी नळी, नळीच्या आत पेन्सिलीएवढी धातूची सळई आणि सळईच्या खालच्या टोकाला ते वजन. खाली वाळूने भरलेलं घमेलं. सळई लाल झाल्यावरही वजन पेलते की तुटते, एवढाच प्रश्न होता. ती तुटायची. घमेल्यात धप्प आवाज व्हायचा, स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलेली आई हात थांबवायची आणि म्हणायची, "पडलं का रे?" पुढे पुढे तिने विचारणंही सोडलं.

सळई दादाने जुळवलेल्या मिश्रधातूची होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुंबईतल्या एका मोठ्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून त्याने कळव्याच्या बाजूला खाडीकाठी पत्र्याची शेड घातली आणि ओतकाम सुरू केलं. नातेवाइकांनी त्याला वेड्यात काढलं. मीही काढलं होतं, फक्त एका घरात राहायचं असल्यामुळे तोंडावर बोललो नाही.

या सगळ्याचं मूळ होतं कल्याणच्या लष्करी छावणीत. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथला माल लिलावात निघाला आणि त्यात विमानांच्या इंजिनांच्या मोडक्या भागांचा एक ढीग होता. दादाला त्या ढिगात छोट्या टर्बाइनची पाती सापडली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चाक गरागरा फिरतं, त्या चाकाची ही पाती. धुरात ती लाल होतात तरी आकार सोडत नाहीत, वाकत नाहीत. साधं पोलाद तिथे मान टाकतं. या पात्यांत निकेल आणि क्रोमियमच जास्त, लोखंड नावाला. दादाने तो सबंध ढीग उचलला आणि दोन्ही हातांनी एक पातं माझ्यापुढे धरून म्हणाला, "हे माणसांनीच केलंय ना? मग आपल्याला का जमू नये?" त्या दिवसांत असं बोलणारे गल्लोगल्ली होते. बाकीचे बोलून घरी जायचे, दादा बोलून कामाला लागला.

गिऱ्हाईकही मिळालं. कल्याणकडच्या एका गिरणीत वीज करायला डिझेलचं मोठं इंजिन होतं आणि त्याच्या धुरावर असंच एक टर्बाइन फिरायचं. त्याची पाती झिजली होती आणि विलायतेहून नवी येईनात. गिरणीचे इंजिनिअर डोंबिवलीला राहायचे, साधे, मवाळ गृहस्थ. ते म्हणाले, "तुम्ही एक संच करून द्या, मी बसवून बघतो." दादाने करून दिला. चाक सुरुवातीला झकास फिरलं, तापलं, आणि मग पाती काडकाड मोडून पडली. कोणाला लागलं नाही हे नशीब. इंजिनिअरनी ते तुकडे वर्तमानपत्रात बांधून दादाच्या हातात दिले. "पुन्हा करा, पण आधी तापवून, वजन लावून बघा. बाहेरून माल येईपर्यंत मी थांबतो." त्या दिवसापासून मागच्या खोलीत चौकट आली.

दादाला यातून नाव नको होतं. तो म्हणायचा, "मला जमतं की नाही, एवढंच मला बघायचंय." ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस जेव्हा सगळं सोडून एकाच गोष्टीला लागतो, तेव्हा 'जमत नाही' याचा अर्थ काय होतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पात्यांचा आकार असा नागमोडी की कानशीने घासून किंवा लेथवर कातून तो येणं शक्य नव्हतं. म्हणून दादाने पहिल्या संचाच्या आधीच कल्याणहून एका ओतारीबुवांना आणलं होतं. देवळाच्या घंटा आणि देव्हाऱ्यातले देव ओतणारं त्यांचं घराणं. मेण आणि राळ यांचं पातं घडवायचं, त्यावर मातीचे लेप द्यायचे, लेप वाळले की भाजायचं, मेण वाहून जातं आणि आत पात्याची पोकळी राहते. तिच्यात रस ओतायचा. देव जसा घडतो तसंच पातं घडवायचं, ही दादाची कल्पना होती आणि तिचा त्याला अभिमान होता. मेणाच्या पात्यांच्या कडा आई करंजीच्या कातण्याने साफ करून द्यायची. मुलगा काय करतो आहे हे तिला नीट कळत नव्हतं, पण कड कशी सुबक हवी हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

ओतलेली पाती दिसायला देखणी असायची. गार असताना दगडावर आपटली तरी खणखणीत वाजायची. नळीत तापवली की मोडायची. दादा रोज नवं मिश्रण मांडायचा, क्रोमियम वाढव, कर्ब कमी कर, थोडं मोलिब्डेनम घाल. तुटलेल्या सळया, ओतकामाचे उरलेले दांडे, फसलेली पाती, सगळं परत भट्टीत जायचं आणि ढिगातला थोडा नवा माल त्यात पडायचा. असला धातू टाकून देणं परवडणारं नव्हतं. वाईट गोष्ट अशी की दिवसेंदिवस सळया जास्त टिकण्याऐवजी कमी टिकायला लागल्या. आधी वजन पडायला दिवस लागायचा, मग जेवणं आटोपेपर्यंत पडायचं, शेवटी शेवटी तर सळई लाल झाली की लगेच.

दादा खचला. एरवी ताटात लिंबाची फोड नसली तरी कुरकुर करणारा माणूस, तो वाढलं ते गिळून उठायला लागला. साध्या बेरजा पुन्हा पुन्हा करायचा, मला तपासायला द्यायचा, मी बरोबर आहे म्हटलं तरी त्याचा विश्वास बसायचा नाही. एकदा दाढी करता करता आरशातूनच मला म्हणाला, "माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. मी विचार करतो तो सुरुवातीपासूनच चुकतो." मी त्याला नेहमीसारखं टोमणा मारून हसवायला गेलो, पण तो हसला नाही. त्या दिवसापासून मला त्याची भीती वाटायला लागली. तो एकटा खाडीकडे निघाला की आई मला काहीतरी निमित्त काढून त्याच्यामागे पाठवायची.

मी ठाण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि दादाच्या धातूचं पृथक्करण घरी करून द्यायचो. ओतणी व्हायची शाळेच्या वेळात, त्यामुळे मी ती सहसा बघितलेली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत गेलो. दादा बाहेर साच्यांशी खटपट करत होता. भट्टीत रस तयार झाला, बुवांनी कमरेची पितळी डबी काढली, चिमूटभर कीस घेतला, कपाळाला लावला आणि रसात सोडला.

"हे काय टाकलंत?" मी विचारलं.

"इरजण, मास्तर," बुवा म्हणाले. "मागल्या मूर्तीचा कीस असतो. पंचधातूचा. तो नव्या रसात टाकल्याबिगर ओतणी फळत नाय. आमच्या बापाच्या आजापासून चालत आलंय."

"दर वेळी टाकता?"

"तर काय. पहिल्यापासून. आणि दादासाहेबांचं काम सारखं नासायला लागलं, तवापासून दोन-दोन चिमटी टाकतो. जीव तुटतो हो त्यांच्याकडं बघून."

त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी पंचधातूत काय काय असतं ते मनात मोजत होतो आणि शिशापाशी येऊन थांबलो.

शाळेची प्रयोगशाळा सुट्टीत रिकामीच होती. पृथक्करणासाठी वेळोवेळी काढून ठेवलेले जुन्या-नव्या सळयांचे तुकडे मी नेले आणि शिसं शोधलं. तोवर शोधलं नव्हतं, कारण जे आपण घातलंच नाही ते कोण कशाला शोधेल? प्रत्येक तुकड्यात होतं. अगदी किंचित, पण पहिल्या सळईपेक्षा शेवटच्या सळईत जास्त. घंटेला ते चालतं, देवाला चालतं, कारण त्यांना कोणी लाल करून वजन लावत नाही. निकेलमध्ये शिसं विरघळत नाही, कणाकणांच्या मधल्या फटींत जाऊन बसतं. विटांच्या भिंतीत चुन्याऐवजी लोणी भरावं तसं. थंडीत भिंत उभी राहते, ऊन तापलं की विटा सुटतात.

मी धावतच शेडवर गेलो. मला वाटत होतं, आता दादा सुटला. दादाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मिश्रण बरोबर होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, पहिल्यापासून बरोबर होतं. तुझं काही चुकलेलं नव्हतं." तो थोडं हसला. मग त्याने कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. तो आता ढीग राहिलाच नव्हता. छावणीतून शेडमध्ये आणलेला कण न् कण आतापर्यंत भट्टीतून फिरून आला होता, उरलंसुरलं पुन्हा पुन्हा त्यातच मिसळलं होतं. आमच्या भट्टीत ते शिसं परत काढून घेण्याचा काही उपाय नव्हता. एकदा लागलेलं विरजण दुधातून वेगळं कसं काढणार?

मला बुवांचं मानगूट धरावंसं वाटत होतं. दादाने मला हाताला धरून बसवलं. "त्यांना एक अक्षर बोलायचं नाही. ते माझ्यासाठीच टाकत होते." हा त्याचा मोठेपणा त्या वेळी मला असह्य झाला. अजूनही होतो.

घरी कपाटात मूळ पाती थोडी होती, नमुना म्हणून दादाने कागदात गुंडाळून ठेवलेली. त्याने बुवांना गावी पाठवलं, भट्टीला नवं अस्तर दिलं आणि मी आणि त्याने मिळून त्या पात्यांचा रस केला, त्याच्याच पहिल्या मिश्रणाप्रमाणे. एक सळई निघाली, बस. ती नळीत टांगली. सळई लाल झाली. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस गेला, आठवडा गेला. वजन होतं तिथेच होतं. आई त्या खोलीसमोरून जाताना पाय हलके टाकायची. मी शाळेतून आलो की आधी तिकडे डोकावायचो आणि मला आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

निकेलसाठी दादाने सरकारकडे परवाना मागितला होता. मोठ्या कारखान्यांनाच पुरत नाही, असं उत्तर आलं. त्यानंतर एका रविवारी डोंबिवलीचे इंजिनिअर घरी आले. चहा झाला. ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि मग खाली बघत म्हणाले, विलायतेचा संच आला, बसवला, इंजिन चालू आहे. दादा म्हणाला, "छान झालं." इंजिनिअरांचं लक्ष मागच्या खोलीकडे गेलं. ते उठून नळीपाशी गेले, वाकून पाहत राहिले.

"टिकतंय?" त्यांनी विचारलं.

"टिकतंय," दादा म्हणाला.

जाताना दारात त्यांनी दादाचा हात हातात घेतला आणि सोडेनात.

ते गेल्यावर दादा त्या लाल सळईसमोर स्टूल टाकून बसला. मी म्हटलं, "दादा, तुला जमलं. याला तरी आता कोणी नाही म्हणू शकत नाही." त्याने स्टूल सळईच्या जरा जवळ ओढलं. मग म्हणाला, "मला जमत नाही असं वाटत होतं ना, तेव्हा मी हे सोडणार होतो. दिवाळी झाली की शेड बंद करायची, कुठेतरी नोकरी धरायची, असं पक्कं ठरवलं होतं. बरं वाटत होतं रे ठरवल्यावर. माझी कुवत नाही, संपलं. आता कुवत आहे हे कळल्यावर मी काय करू? कुठे जाऊ हे घेऊन?"

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"तू मला हे सांगायला नको होतंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

त्याने शेड बंद केली आणि एका कचेरीत नकाशे काढायची नोकरी धरली. निवृत्त होईपर्यंत ती केली. धातूचा विषय त्याने घरात पुन्हा कधी काढला नाही, मी काढला तर उठून जायचा. आणि मी ते त्याला वाचवायला म्हणून सांगितलं होतं.