जयवंतीच्या वहीत न आलेली अंडी

जूचंद्रच्या जयवंतीला ‘घरात माणसं किती?’ असं विचारलं की ती ‘चार’ म्हणायची आणि लगेच ‘कोंबऱ्या एकवीस’ असं जोडायची. कोंबड्यांचं कोणी विचारलेलं नसे, पण सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. सासूनं, हंसाबायनं, जाताना सोनं दोन्ही सुनांत सारखं वाटलं आणि कोंबड्या मात्र सगळ्या हिच्या पदरात टाकल्या. थोरली जाऊ त्यावर वर्षभर हसली, जयवंती मात्र तीस वर्षं खूश राहिली. काळ्या पायांच्या, अंगानं लहान, पण भलत्या चिवट कोंबड्या. एका वर्षी मानमोडीची साथ येऊन शेजारपाजारची खुराडी ओस पडली, तेव्हाही हिच्या चौदा कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

ही खबर ऐकूनच हेमांगी आली. ती विरारला राहायची आणि पशुवैद्यकीय कॉलेजातून गावठी कोंबड्यांच्या वंशावर संशोधन करायची. जिल्ह्यातली टणक घराणी निवडायची, त्यांची अंडी कॉलेजच्या फार्मवर उबवायची आणि पुढची पैदास त्यांच्यापासून करायची, असं तिचं काम होतं.

जयवंतीला ती देवानं पाठवल्यासारखी वाटली. कारण घराची जागा बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, नळाला चोवीस तास पाणी. हे सगळं जयवंतीला हवंच होतं, उगाच खोटं कशाला बोला. पण एकवीस कोंबड्या गॅलरीत कोण ठेवू देणार? आणि नातेवाइकांना देऊन टाकाव्यात, तर त्यांच्या घरी त्या गटारीपर्यंतसुद्धा टिकल्या नसत्या. हेमांगीनं निवडल्या तरच सासूचा वंश उरणार होता.

म्हणून जयवंतीनं जीव ओतून काम केलं. सरदार नावाच्या एकुलत्या एका कोंबड्यासकट सगळा कळप जाळीत ठेवला. कुठल्या कोंबडीनं कधी अंडं दिलं, कुठली खुडूक बसली, किती पिल्लं निघाली, सगळं वहीत. सातवीपर्यंतचं शिक्षण, पण अक्षर असं की हेमांगी ती वही कॉलेजात दाखवायला घेऊन जायची. पिल्लांच्या पायात रंगीत कड्या आल्या. पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेताना जयवंती पिल्लाला पदरात धरून बसायची आणि हेमांगीलाच दटावायची, “हलू हात लाव गो बाय.”

दोन वर्षांनी हेमांगी आली, ती उतरलेल्या चेहऱ्यानं. चहा तसाच ठेवून म्हणाली, “मावशी, पिल्लांचं आणि सरदाराचं रक्त जुळवून पाहिलं. दर तेरा पिल्लांतली चार-पाच सरदाराची नाहीतच. त्यांचा बाप कुणीतरी दुसरा आहे.”

जयवंतीला घरच्याच लेकीसुनांवर कोणी आळ घेतल्यासारखं झालं. कोपऱ्यात बसलेला काशीराम, तिचा नवरा, मात्र लगेच मदतीला धावला. “जालीला भोक हाये ना! बाजूवाल्याचा कोंबरा घुसला आसंल.”

हेमांगीचा जीव भांड्यात पडला. “तसं असेल तर तेवढी पिल्लं वगळते. बाकीची वही चालेल.”

आता जयवंतीनं नुसती मान हलवायची बाकी होती. पण बाजूवाल्याचा तो कोंबडा! एका डोळ्यानं अधू, शेपटीची पिसं झडलेली. हंसाबायच्या वंशाला त्याचं नाव लावायचं? आणि पोरीनं दोन वर्षं उन्हातान्हात घातलेल्या खेपा? नवऱ्याकडे तिनं अशी नजर टाकली की तो तंबाखू शोधायला आत गेला.

“भोक नाय बाय,” ती म्हणाली. “ती अंडी बेलाची.”

उमेळ्याची बेला तिची बाजारातली मैत्रीण; दोघींनी वीस वर्षं शेजारी बसून भाजी विकलेली. हंसाबायची शिकवण अशी, की खुडूक कोंबडीखाली नुसती घरची अंडी मांडू नयेत, घराणं आटतं. तेरांत पाच परक्या घरची हवीत, आणि तितकीच आपणही द्यायची. जयवंतीनं ती शिकवण याही दोन वर्षांत पाळली.

“मग वहीत का नाही लिहिलं, मावशी?”

“भेट कोन लिवतो?” जयवंतीला खरंच नवल वाटलं. “दिल्या-घेतल्याचा लिवला, तं तो उधार होतो.”

हेमांगी कितीतरी वेळ वहीची पानं उलटत राहिली. मग हळूच म्हणाली, की अशी वही नियमात बसत नाही, कळप बहुतेक बाद होईल. तरी जयवंती पदर खोचून उठली. “चल तं. बेलाच्याही कोंबऱ्यांचा रगत घे. निदान तुजा काम तरी खरा होव दे.”

बेलानं आधी दोघींना वडे खायला घातले, मग कोंबड्या धरून दिल्या. “बाप शोधतेस?” ती हेमांगीला म्हणाली. “आमच्याकडे माणसांचा शोधायला कोणी येत नाही, आणि कोंबड्यांचा रुबाब बघ!”

दीड महिना गेला. जयवंती फ्लॅटचं बोलणं निघालं की उठून जायची. शेवटी एका सकाळी हेमांगीची स्कूटर दारात थांबली. या वेळी तिनं आल्या आल्या चहा मागितला.

“मावशी, बेलामावशींच्या कोंबड्यांत निम्मं रक्त तुमच्या कोंबड्यांचं आहे. दोन खुराडी, पण घराणं एकच. आणि इतकी वर्षं होऊनही आटलेलं नाही. वही बाद झाली, कळप नाही. सर म्हणाले, एका अंगणाचं कशाला, पूर्ण घराणंच घेऊ.”

जयवंती चहाचं भांडं तसंच ठेवून पुढं आली. “म्हंजे माज्या कोंबऱ्या उमेल्याला हायेत? आधीपासून?”

“वीस वर्षं तुम्हीच पाठवताय की!”

जयवंतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. वंश आपल्याबरोबर संपणार म्हणून ती दोन वर्षं कुढत होती, आणि तो तर पाच-पाच अंड्यांनी, तिच्याच हातानं, कधीच गावाबाहेर पडला होता. तिला इतका आनंद झाला की हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

हेमांगीनं नवी वही उघडली. “बेलामावशी सोडून आणखी कुणाकुणाला अंडी दिलीत? मला तिथंही जायचंय.”

जयवंतीनं नाक पुसलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. कामणची नणंद. नायगावची मामी. सोपाऱ्याची विहीण. मिठागरावरच्या मुकादमाची बायको. पूर्वी शेजारी राहणाऱ्या नताशाची आई, ती आता वाघोलीला असते. हेमांगीचं पान भरलं, तिनं ते उलटलं, आणि जयवंती अजून सांगतच होती.