आठ मागितले, चार आले

आधी माफी मागतो. लिहिण्याचा मला अधिकार नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू – मराठी वाचायला मी आईच्या जुन्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकलो. चुका होतील, सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येईल असं वाटत नाही. आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. वडील असेपर्यंत त्यांनाही नाही.

आम्ही गौलीगुड्याला राहायचो. वडील बस डेपोत मेकॅनिकच्या हाताखाली. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. शेवटच्या सहामाहीत सिकंदराबादच्या एका छोट्या कंपनीत प्रोजेक्टसाठी लागलो. तेव्हा परदेशातून कामं यायला सुरुवात झाली होती, आणि दोन खोल्या, आठ कॉम्प्युटर एवढ्यावरही कंपनी म्हणवून घेता यायचं.

आमचं काम होतं डीबगर. म्हणजे असा प्रोग्राम, जो दुसऱ्या चालू प्रोग्रामला मध्येच थांबवून त्याच्या आत डोकावतो. मोठ्या प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक कामं चाललेली असतात. त्यांना थ्रेड म्हणतात, प्रत्येकाला नंबर असतो. वापरणारा यादी टाइप करतो – दोन ते पाच, मग आठ – आणि डीबगरने तेवढ्याच थ्रेडची माहिती दाखवायची. ती यादी वाचून एकेक नंबर काढून देणारा भाग माझा होता. एवढासाच. पण मला वाटायचं, अख्खी कंपनी त्याच्यावर उभी आहे.

आणि तो तपासायचं काम मोईझभाईंचं.

त्यांच्याबद्दल कसं लिहू? पन्नाशीचे होते. बावीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होते. टाइपरायटर बंद झाले तेव्हा दिलसुखनगरला पोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकले. डिग्री नव्हती. कंत्राटावर होते, दर सहा महिन्यांनी कागद नवा व्हायचा. मला ‘इंजिनीर साब’ म्हणायचे – थट्टेने, पण त्या थट्टेत कौतुक होतं, हे मला तेव्हाही कळायचं. डब्यातली खट्टी दाल अर्धी माझ्या पोळीवर ओतायचे. "खाओ मियाँ, सूखी रोटी से अकल बी सूख जाती."

माझा कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांनीच टाइप करून दिला, जेवणाच्या सुट्टीत. ऐंशी पानं. मी दोनदा तपासला. एकही चूक नव्हती. हे ध्यानात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

माझ्या चाचण्या मी स्वतः लिहिल्या होत्या. प्रत्येक चाचणी डीबगर नव्याने सुरू करायची, एक यादी द्यायची, उत्तर बघायची, बंद करायची. सगळ्या पास. रावसरांनी – मालकच ते – सगळ्यांसमोर पाठ थोपटली. सोमवारी माल परदेशी जाणार होता, आणि माझ्या भागात दोष निघाला नाही तर त्याच दिवशी मला नोकरीचं पत्र.

मोईझभाईंची पद्धत वेगळी होती. ते डीबगर सकाळी उघडायचे आणि संध्याकाळी बंद करायचे. मध्ये शेकडो याद्या, हाताने, एकामागून एक. म्हणायचे, "आदमी ऐसाच चलाता. हर बात पे दुकान बंद नै करता."

गुरुवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. मी मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी ‘दोन ते पाच’ टाइप केलं. त्यातला तीन नंबरचा थ्रेड आधीच संपलेला होता, म्हणून डीबगरने चूक दाखवली आणि यादी अर्ध्यावर सोडली. इथवर बरोबर. मग त्यांनी फक्त आठ टाइप केलं. आणि समोर आला – चार नंबरचा.

"आठ मंगा, चार आया," ते म्हणाले. "ये तुम्हारा बच्चा पुरानी बात पकड़ के बैठा है, इंजिनीर साब."

मी म्हणालो, बघतो. त्यांनी रजिस्टरात नोंद केली. ते जे हसत म्हणाले होते, नेमकं तेच घडत होतं, हे मला तासाभरात सापडलं. अर्धवट राहिलेली यादी माझा कोड पुसतच नव्हता. पुढची नवी यादी आली तरी जुनीच पुढे चालवायचा. माझ्या चाचण्यांत ते कधी दिसलंच नसतं – मी दर वेळी दुकान बंद करत होतो ना.

दोन ओळींचं काम होतं. तेव्हाच उठून सांगितलं असतं तर? रावसर ओरडले असते. फार तर पत्र आठवडाभर लांबलं असतं. मी हा हिशेब नंतर हजारदा केला. त्या दिवशी केला नाही. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं – चूक माझी निघणार, आणि काढणारा डिग्री नसलेला माणूस. हो, हेही मनात आलं होतं. लपवत नाही.

शुक्रवारी सकाळी रावसरांनी रजिस्टर पाहिलं. म्हणाले, तीन वाजता सगळ्यांसमोर करून दाखवा.

शुक्रवारी एक वाजता मोईझभाई जुम्म्याच्या नमाजला जायचे. जाताना माझ्या टेबलावर डबा ठेवून गेले – "तुम खालो, मेरे को देर होती."

ते गेले. मी दोन ओळी घातल्या, नवी प्रत तयार केली आणि सगळे वापरायचे त्या फोल्डरमध्ये जुनीच्या जागी ठेवली. कुणाला सांगितलं नाही. मग त्यांचा डबा उघडून जेवलो.

तीन वाजता ते बसले. दोन ते पाच. चूक आली. आठ. आणि आठवाच आला.

त्यांनी परत केलं. परत आठ. नंतर ते फार सावकाश टाइप करायला लागले, एका बोटाने, कीबोर्डकडे बघत. मी त्यांना कीबोर्डकडे बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. किती वेळा केलं? मी मोजलं नाही. मान खाली होती.

रावसर हळू आवाजात, अदबीनं तेलुगू ‘गारू’ लावून म्हणाले, "मोईझगारू, एकदा डोळे तपासून घ्या." शेजारच्या टेबलावरची शैलजा हसली. वाईट मनाने नव्हे, हसू आलं म्हणून.

मोईझभाई माझ्याकडे वळले. "तुम तो पीछे खड़े थे ना मियाँ. तुम बी देखे ना?"

आणि मी म्हणालो – शांतपणे, आदराने म्हणालो – "भाई, मेरे को तो लगा, आप चार टाइप करे थे."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं. आपलं काही हरवलंय आणि ते समोरच्याला सापडतंय का, असं बघतात ना, तसं. मग रजिस्टर ओढलं, नोंदीवर रेघ मारली आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं – टायपिंगची चूक, माझी. सही केली.

सोमवारी मला पत्र मिळालं. वडिलांनी डेपोतून आल्यावर हात दोनदा धुतले, तरी पत्राला हात लावला नाही. म्हणाले, "तूच वाच, मोठ्यानं." मी वाचलं.

दोन महिन्यांनी मोईझभाईंचा कागद नवा झाला नाही. शेवटच्या दिवशीही त्यांनी डबा वाटून घेतला. मी जेवलो. पुढे एकदा त्यांच्या मलकपेटच्या गल्लीपर्यंत गेलो होतो. कोपऱ्यावर चहा घेतला आणि परत आलो. रिपोर्ट अजून माझ्या कपाटात आहे. त्यात एक पान आहे, चाचण्यांचं. सगळ्या यशस्वी, असं लिहिलंय. ते त्यांनीच टाइप केलेलं आहे.

गेल्या महिन्यात शैलजाचा फोन आला. मोईझभाई गेले. ती त्यांच्या घरी जाऊन आली होती. त्यांची मुलगी जुन्या आठवणी सांगत होती म्हणाली, हसत-रडत. कंपनी सुटल्यावर लोक अर्ज टाइप करून मागायला यायचे, पण अब्बांनी कुणाचं घेतलं नाही. "मेरे हाथ से आंकड़े बदल जाते," म्हणायचे. घरच्या फोनवर नंबरही पोरींकडून लावून घ्यायचे. आणि डोळे – ते तर तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवले.

तिघांनीही एकच सांगितलं म्हणे. नजर एकदम साफ आहे.