शेट्टम्माच्या शेजारी

अजितने सासूबाईंचा शेट्टी फोडला तो मदत करण्याच्या नादात. दिव्यांची माळ सरळ करायला स्टुलावर चढला आणि उतरताना पाय ठेवला तो थेट दसऱ्याच्या बाहुल्यांच्या पायरीवर. मातीचा वाणी पगडी, ढेरी आणि तराजूसकट जमिनीवर आला.

जयनगरातल्या त्या घरात दसऱ्याला पायऱ्या रचून गोंबे मांडायची रीत. गोंबे म्हणजे बाहुल्या, एवढं कानडी पुण्याच्या अजितला लग्नानंतर पहिल्याच वर्षी आलं होतं. त्यात शेट्टी आणि शेट्टम्मा हे नवराबायको किराण्याचं दुकान थाटून बसतात. सासूबाईंचं, म्हणजे मालनबाईंचं जोडपं त्यांच्या आईकडून आलेलं. त्यांनी तुकडे पदरात गोळा केले आणि म्हणाल्या, "सरी." म्हणजे, असू दे. ओरडल्या असत्या, तर अजितला रात्री दोन घास तरी गेले असते.

मग त्यांनी शेट्टम्माला जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. बाई एकटी दुकानात बसणार नाही, म्हणाल्या. बायकोने, श्यामलाने, डोळ्यांनी दटावलं, म्हणून अजितने पुढे विचारलं नाही.

मालनबाई स्वतः एकट्या बसल्या होत्या. यजमानांचं बांगड्यांचं दुकान. एका दुपारी "स्वल्प कॉफी पिऊन येतो" म्हणून ते गल्ल्यावरून उठले आणि हॉटेलच्या पायरीवरच गेले. तेरावं झाल्यावर मालनबाईंनी दुकान उघडलं. बांगड्या भरणाऱ्या बाईचेच हात मोकळे, म्हणून काही गिऱ्हाइकं उंबऱ्यावरून वळली. त्या बसून राहिल्या. पुढे तीच गिऱ्हाइकं लेकीसुनांना घेऊन आली, कारण घट्ट बांगडी न दुखवता चढवावी ती मालनक्कानेच. श्यामलाचं इंजिनिअरिंग त्याच बांगड्यांवर झालं.

तेव्हा शेट्टम्मा पुन्हा दुकानात बसल्याशिवाय अजितच्या जिवाला चैन पडणार नव्हती. त्याने बेंगळुरूचे बाजार पालथे घातले. आणलेला प्रत्येक शेट्टी मालनबाईंनी परत पाठवला. एक उगाच हसतो, दुसऱ्याची नजर बरी नाही. मुलीसाठी स्थळं पाहताना बाईंनी एवढी चिकित्सा केली नसेल, असं अजितच्या मनात येई. पण पसंत पडलेलं स्थळ तो स्वतःच असल्याने विषय तिथेच थांबे.

डिसेंबरात कंपनीने त्याला बार्सिलोनाला धाडलं. श्यामलाबरोबर सासूबाईंनीही यावं, असा त्याने धोशा लावला. समुद्र मद्रासलाही आहे, म्हणून त्या अडून बसल्या. तिथे नाताळात मातीच्या बाहुल्यांचा बाजार भरतो हे कळल्यावर मात्र स्वतःच स्वेटर काढून उन्हात टाकले.

साडीवर यजमानांचा कोट चढवून त्या मोठ्या चर्चसमोरच्या बाजारात शिरल्या. शेवाळाच्या गादीवर मेंढपाळ, विहीर, धोबीण, बैल आणि पाळण्यातलं बाळ. "अगे, हे तर आपलेच गोंबे," त्या श्यामलाला म्हणाल्या, आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. उंटावरचे तीन राजे त्यांनी झटक्यात नाकारले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला दुकान काय कळणार?

मग त्यांनी एक लाल टोपीवाला उचलला. गोल चेहरा, बसलेला. अजितने तो मागून पाहिला आणि त्याचे कान तापले. गडी विजार खाली करून सकाळचं काम उरकत होता, आणि तेही पुराव्यानिशी. विक्रेतीने हसून सांगितलं, की हा इथे घरोघरी कोपऱ्यात लागतोच. याच्या खताने जमीन पिकते, वर्ष भरभराटीचं जातं. अजितने सासूबाईंसाठी त्याचं सोवळं मराठी केलं: "शेतकरी आहे. शेतीचं बघतोय."

मालनबाईंनी बाहुला फिरवला, काय बघतोय ते नीट पाहिलं, आणि पिशवी पुढे केली.

पुढच्या दसऱ्याला शेट्टम्मा ट्रंकेतून बाहेर आली. शेजारी तो, पुढ्यात डाळ-तांदळाच्या इवल्या गोण्या अशा रचलेल्या, की समोरून पाहणाऱ्याला तो खानदानी वाणीच वाटावा. शेजारच्या कस्तुराबाई चष्मा लावून वाकल्या तेव्हा अजितला घाम फुटला. त्यांनी बराच वेळ न्याहाळून मान डोलावली. नवा शेट्टी छान आहे, म्हणाल्या. चेहऱ्यावर समाधान किती.

बायका प्रसाद घेऊन गेल्या. मालनबाई पदराने शेट्टम्मावरची धूळ पुसत बसल्या. अजितला राहवलं नाही.

"आई, एवढ्या बाजारात बसलेले दुसरेही होते की. मग हाच का?"

मालनबाईंनी वर पाहिलं नाही. "हा मध्येच उठून जायचा नाही, अजितराव."